हवेतली सायकल आणि फोटोची चौकट: नाशिकच्या माळावरचं स्टंट शूट

मित्रमंडळींनी मिळून माउंटन बायकिंगची फिल्म करायचं ठरलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "फोटोला वेगळा माणूस कशाला? व्हिडिओतलीच एखादी फ्रेम काढून घेऊ." ती फ्रेम पोस्टरला चालत नाही. सेकंदाला 25 फ्रेम्सनी शूट करताना शटर साधारण 1/50 ठेवतात, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी ते सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं राहतं, त्यामुळे पडद्यावर हालचाल सलग वाटते. पण ताशी 30 किलोमीटरने सुटलेली सायकल तेवढ्या वेळात जवळजवळ 17 सेंटिमीटर पुढे जाते आणि स्थिर चित्रात रायडरचा चेहरा फरफटलेला दिसतो. 1/1000 ला तीच सायकल 8 मिलिमीटर सरकते. म्हणून फोटोचा कॅमेरा वेगळाच हवा, आणि तो कुठे उभा राहणार हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. टेक, म्हणजे प्रत्यक्ष चित्रीकरण, सुरू झाल्यावर जागा शोधणं म्हणजे वरातीमागून घोडं.

नाशिकला उतारांची कमी नाही, पण दिसेल त्या डोंगरावर रॅम्प, म्हणजे सायकल हवेत उडवणारा चढ, लावता येत नाही. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, त्या वाटेला जाऊच नये. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथल्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. वन खात्याला विचारल्याशिवाय तिथे शूट नको आणि कड्याजवळ ड्रोन तर नकोच. त्यापेक्षा खाजगी मालकीचा मुरमाड माळ बघा, मालकाशी बोला, रॅम्प कुठे खणणार आणि काम झाल्यावर माती परत कशी भरणार ते सांगा. एकीकडे देवळालीचा लष्करी भाग आणि दुसरीकडे ओझरचा विमानतळ असल्यामुळे ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलचा, नकाशा उघडायलाच हवा. ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला असला तरी नकाशावरच्या रेड झोनमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या भागात, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

सूर्याचा विचार हेल्मेटपासून करा. हनुवटीपर्यंत झाकणाऱ्या फुल फेस हेल्मेटच्या वायझरची, म्हणजे कपाळावरच्या छज्जाची, सावली डोळ्यांवर पडते आणि डोळे दिसले नाहीत तर फोटोत माणूस उरत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला भरदुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, तेव्हा काहीही केलं तरी चेहरा काळाच येतो. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि भरदुपारीसुद्धा तिरकाच राहतो. उगवल्यानंतरच्या दीड-दोन तासांत उजेड वायझरच्या खालून आत शिरतो. तोवर गवतही वाळून पिवळं झालेलं असतं, त्यामुळे लाल किंवा निळी जर्सी उठून दिसते. काळी जर्सी काळ्या कातळापुढे हरवते, हे कपडे ठरवणाऱ्याला आधीच सांगा.

आता फोटोची जागा. माझं ठाम मत आहे की उडीच्या फोटोत सायकल कुठून सुटली आणि कुठे उतरणार हे दोन्ही दिसलं पाहिजे. आकाशात तरंगणारी नुसती सायकल कुणालाही काढता येते. तीत उंची कळत नाही, अंतर कळत नाही आणि त्या रायडरने नेमकं काय धाडस केलं तेही कळत नाही. रॅम्पच्या टोकाखाली बसून 16 किंवा 20 मिलिमीटरच्या रुंद लेन्सने काढलं की उंची फुगते पण जमीन गायब होते. लँडिंगच्या बाजूने 200 मिलिमीटरच्या लांब पल्ल्याच्या लेन्सने समोरून काढलं तर मधली दरी दाबली जाते, पाच मीटरचं अंतर हातभर वाटतं. उडीच्या रेषेला काटकोनात, थोडं खाली, 35 ते 50 मिलिमीटरवर उभं राहिलं की टोक, पोकळी आणि उतरायचा उतार तिन्ही चौकटीत येतात. वर उभं राहून खाली कॅमेरा रोखला तर उतार सपाट होतो. तो उतार खोटा वाढवायला कॅमेरा तिरका धरू नका, मागचं झाड वाकडं दिसतं आणि सायकल चालवणाऱ्यांच्या ते लगेच लक्षात येतं.

उभं राहण्याची जागा सुरक्षितही हवी. जास्त वेगाने आलेला रायडर लँडिंगच्या पुढे सरळ रेषेत सुटतो, म्हणून ती रेषा कायम मोकळी ठेवा. वळणावर मात्र वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहा. मुरमावर टायर सुटला की सायकल बाहेरच्या बाजूला घसरते. अगदी जवळचा अँगल हवाच असेल तर कॅमेरा जमिनीवर वाळूच्या पिशवीत घट्ट बसवा आणि रिमोटने चालवा, माणूस तिथे नको.

सेटिंग मॅन्युअल ठेवा. काळा कातळ चौकटीत आला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, उजेड वाढवतं आणि पांढरं हेल्मेट जळून जातं. सकाळच्या उन्हात शटर 1/1600, लेन्सचं छिद्र एफ 4 आणि उजेडाची संवेदनशीलता आयएसओ 400 इथपासून सुरुवात करा आणि रायडर रॅम्पवर नुसता उभा असताना तपासून घ्या. शटर 1/1600 च का? चाकाचा परीघ सायकलपेक्षा वेगळ्या हिशेबाने धावतो, टायरचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. 1/500 ला सायकल बरी येते, पण टायरच्या गाठी पुसल्या जातात. जमिनीवरच्या सरळ पट्ट्यात 1/60 ने पॅन करा, म्हणजे सायकलबरोबर कॅमेरा फिरवत काढा, सुंदर येतं. उडीत ते जमत नाही, कारण सायकल पुढे जाता जाता वरखालीही होते.

इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्यात चाक लंबगोल होतं. मेकॅनिकल शटरचा आवाज होतो, म्हणून त्या टेकला आवाज रेकॉर्ड होतोय का हे साउंडवाल्याला विचारा. होत असेल तर फोटो तालमीच्या उडीत काढा. फ्लॅश टेक चालू असताना कधीच नको. फिल्मच्या फ्रेमवर पांढरा पट्टा उमटतो आणि अख्खा टेक वाया जातो.

सेकंदाला 10 फोटो काढणारा कॅमेरासुद्धा दोन फोटोंमध्ये सायकलला 83 सेंटिमीटर पुढे जाऊ देतो. उडी 0.8 सेकंदाची असेल तर हातात जेमतेम आठ फोटो पडतात. लांबूनच बटण दाबून धरलं की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा अडकतो. पुढचं चाक रॅम्पच्या टोकाला लागलं की दाबा आणि मागचं चाक टेकेपर्यंत सोडू नका. उंचीच्या टोकाला सायकलचा वर जाण्याचा वेग शून्य होतो, तिथला फोटो सगळ्यात स्वच्छ येतो.

हाक एकाच माणसाची हवी. फिल्म कॅमेरा तयार, फोटो तयार, वाट मोकळी, या तीन गोष्टी वॉकी-टॉकीवर ऐकू आल्यावर शेवटचा होकार रायडरचा. खालच्या पायवाटेवर एकजण उभा करा, गुरं घेऊन कुणीतरी येतंच. कुणाला लागलं तर लगेच निघता यावं म्हणून गाडी बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा.

मुरमाची धूळ बारीक असते. माळावर लेन्स बदलायची नाही, दोन बॉडी आणा किंवा एकाच झूमवर भागवा. काचेवर धूळ बसली तर आधी ब्लोअर, मगच कापड, नाहीतर ओरखडे पडतात. लेन्स पुसायचा स्प्रे किंवा साखळीचं तेल सायकलच्या डिस्क ब्रेकजवळ मारू नका. रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, थेंब गेला की तिला दाबणारे पॅड तेल पितात आणि पुढच्या उडीआधी ब्रेक लागत नाही.

निवडताना आधी रायडरचे डोळे बघा. ते लँडिंगकडे असले पाहिजेत, कॅमेऱ्याकडे नाही. मग पेडल आडवे आहेत का, सीट पुरेशी खाली आहे का, पुढचं चाक सरळ आहे का ते पाहा. सगळं जुळलेला फोटो मिळाला नाही तर रायडर दमला असताना आणखी एक उडी मागू नका. दमलेले हात आधी ब्रेकवर चुकतात. रॅम्प तसाच झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात पुन्हा उडी घ्या.