माऊन ते कासाने: बोत्स्वानातला तंबूतला मुक्काम

उत्तर बोत्स्वानाचं जंगल बघायला जाणारे बरेच लोक छोट्या विमानाने एका लॉजवरून दुसऱ्या लॉजवर जातात. पर्यटक कमी आणि दर चढे, हे तिथल्या सरकारचं जुनं धोरण आहे. त्यामुळे ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या चांगल्या लॉजचं एका रात्रीचं भाडं ऐकलं की आपण नकाशा घडी करून ठेवतो. दुसरा रस्ता जमिनीवरचा. माऊन या गावी उघड्या लँड क्रूझरमध्ये बसायचं, तंबू-भांडी-पाणी मागच्या ट्रेलरमध्ये, आणि मोरेमी, ख्वाय, सावुती, चोबे अशी जंगलं करत झांबियाच्या सीमेजवळच्या कासानेला पोचायचं. मी आणि माझी मावसबहीण असे गेलो. पैसे वाचतात हे खरंच, पण माझ्या हातात लॉजचे पैसे असते तरी आता मी तंबूच निवडेन.

आमचा गट लहान होता. एक डच जोडपं, एक निवृत्त जर्मन शिक्षिका, आम्ही दोघी, आमचा गाईड आणि एक आचारी, एवढीच माणसं. गाडीत प्रत्येकाला खिडकीची जागा. ज्याला पक्षी बघायचे त्याच्यासाठी थांबता येतं, ज्याला बघायचे नाहीत तोही कुरकुर करत नाही, कारण पुढचा थांबा त्याचा असतो. मोठ्या ट्रकमधून वीस-बावीस जणांचे गटही याच रस्त्याने जातात. त्यांच्याकडे बघून मला दर वेळी आपल्या गटाबद्दल बरं वाटायचं.

माऊन सोडल्यावर शोरोबे गाव, आणि त्यापुढे लांबच लांब तारेचं कुंपण लागतं. कुंपणाच्या एका बाजूला रानम्हशी, दुसऱ्या बाजूला गाई. आफ्रिकन रानम्हशी लाळ्या-खुरकुताचा विषाणू अंगात बाळगून हिंडतात आणि बोत्स्वाना गोमांस निर्यात करतं, म्हणून ही तटबंदी. पलीकडून माऊनकडे कच्चं मांस आणायला बंदी आहे, फाटकावर गाड्या तपासतात. इथे प्राणी आणि माणूस यांच्यामधल्या रेघा कोणी कुठे ओढल्या, हे या कुंपणापासूनच कळायला लागलं.

मोरेमीची गोष्ट मला त्यामुळेच फार आवडते. हे राखीव जंगल वसाहतीच्या साहेबांनी आखलेलं नाही. बेसुमार शिकारीने प्राणी संपत चालले तेव्हा तिथल्या बातावाना लोकांनी स्वतःची जमीन राखून ठेवायचं ठरवलं. त्यांचे प्रमुख तिसरे मोरेमी वारले होते, त्यांच्या विधवा पत्नी तेव्हा कारभार बघत होत्या. 1963 साली, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी, त्यांच्या पुढाकाराने मोरेमी राखीव झालं.

पहिला मुक्काम मोरेमीत, थर्ड ब्रिजच्या बाजूला. मोपाने झाडाचे ओंडके शेजारी शेजारी रचून केलेला हा पूल गाडी जाताना खडखडतो. छावणीला कुंपण नाही. तंबू आपला आपण उभारायचा: दोन खांब, आठ खुंट्या, आणि आत अंथरूण. संडासासाठी खड्डा आणि भोवती कापडी आडोसा, आंघोळीसाठी झाडाला टांगलेली बादली, तिच्या बुडाला चाळणी. गरम पाणी निखाऱ्यावरच्या डब्यातून. आचाऱ्याकडे तीन पायांचं बिडाचं भांडं होतं. त्यात तो दुपारी भाज्यांचा रस्सा आणि संध्याकाळी, झाकणावर निखारे ठेवून, पाव करायचा. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. मक्याचं घट्ट पीठ आणि टोमॅटो-कांद्याचा रस्सा यावर माझी बहीण खूष होती.

नियम पहिल्याच संध्याकाळी सांगितले गेले, आणि गाईडने ते सांगताना आवाज जराही चढवला नाही. अंधार पडल्यावर एकट्याने चालायचं नाही. तंबूची चेन कायम बंद. बूट आत घ्यायचे, नाहीतर तरस नेतं. तंबूत फळ ठेवायचं नाही, त्यातही संत्रं आणि केळं अजिबात नाही, हत्तीला वास लागतो. रात्री बाहेर जायची वेळ आलीच तर आधी चेन थोडी उघडून विजेरी फिरवायची, चमकणारे डोळे दिसले तर चेन पुन्हा लावायची. “तंबू म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक दगड आहे, म्मा,” तो म्हणाला. “तुम्ही दगडात राहा.” आम्ही त्याला ‘रा’ म्हणायचो. बायकांना म्मा आणि पुरुषांना रा लावल्याशिवाय तिथे कोणी कोणाशी धड बोलतच नाही.

रात्री झोप लागायला वेळ लागायचा, भीतीने नव्हे. आवाज इतके असतात की प्रत्येकाचा मालक ओळखायचा चाळा लागतो. पाणघोडे पाण्यात घुरघुरत हसल्यासारखे आवाज करतात. तरसाची हाक खालून सुरू होऊन वर उचलली जाते. सिंह गरजला की छातीत कळतं, आणि तो कित्येक किलोमीटर लांब असू शकतो. सकाळी चहाच्या वेळी गाईड वाळूवरचे ठसे दाखवून रात्री कोण कुठून गेलं ते सांगायचा. मग आपण ऐकलेल्या आवाजाला पाय फुटायचे.

जुलै हा तिथला हिवाळा. पहाटे उघड्या गाडीत तापमान पाचाच्या आसपास. कानटोपी, हातमोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, आणि दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा. पाऊस महिनोन् महिने पडलेला नसतो आणि तरीही ओकावांगो याच महिन्यांत तुडुंब भरतं. पाऊस पडलेला असतो अंगोलाच्या डोंगरात, आपल्या उन्हाळ्याच्याही आधी. ते पाणी सपाट वाळवंटावरून इतक्या सावकाश पसरत येतं की मोरेमी-माऊनपर्यंत पोचायला महिने लागतात. नदी समुद्राला मिळत नाही. जवळजवळ सगळं पाणी उन्हात आणि झाडांच्या पानांतून उडून जातं, थोडं वाळूत मुरतं. 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हजारावी नोंद झाली ती या त्रिभुज प्रदेशाची.

हे पाणी बघायचं तर मोकोरोतून. पूर्वी ही होडी एका झाडाच्या खोडातून कोरत, आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक फायबरच्या आहेत. मागे उभा नावाडी लांब काठीने रेटतो आणि आपलं डोकं लव्हाळ्यांच्या उंचीला असतं. पाणी इतकं नितळ की कमळांचे देठ तळापर्यंत दिसतात. नावाड्याने एका बेटावर उतरवून मधलं वारूळ दाखवलं. इथली कितीतरी बेटं वारुळावरूनच वाढलेली आहेत. वाळवीने उंचवटा केला, पुराच्या पाण्यावर तो उरला, पक्ष्यांनी त्यावर बसून बिया टाकल्या, झाड झालं, झाडापाशी गाळ साचला. झाडांच्या मुळांनी पाणी ओढलं की क्षार मागे राहतात. म्हणून मोठ्या बेटांच्या मध्यावर पांढरी, उजाड जमीन असते आणि कडेला गर्द राई. भोवतालचं पाणी मात्र गोडं राहतं. त्या वारुळाशी उभं राहून हे ऐकताना मला वाटलं, एवढ्यासाठीही इथवर यायला हरकत नाही.

ख्वायला रानकुत्री दिसली. तिथला बराचसा भाग गावकऱ्यांच्या ताब्यातला, राष्ट्रीय उद्यानाबाहेरचा आहे, म्हणून अंधार पडल्यावरही गाडी फिरवता येते. दुपारी मोपानेच्या सावलीत ती एकमेकांच्या अंगावर डोकी टाकून निजली होती. काळे, पिवळे, पांढरे ठिपके आणि बशीएवढे गोल कान. दोन गाड्या आल्या, फोटो काढून गेल्या. आम्ही थांबलो. ताडोब्यात गेलेल्या कोणालाही ठाऊक असेल, जिप्सी वाघापाशी उभी असते आणि मनात फाटकाची वेळ चालू असते. इथे घाई नव्हती, आमचं घर तिथून वीस मिनिटांवर झाडाखाली होतं.

ऊन उतरलं तसं एक कुत्रं उठलं, आळस दिला, दुसऱ्याच्या तोंडाशी तोंड घासलं. मग शिंकलं. मग दुसरं शिंकलं. याच परिसरातल्या कळपांवरचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला आहे: शिंका जितक्या जास्त, तितका कळप शिकारीला निघण्याचा संभव जास्त. म्होरक्याने उठाव केला असेल तर थोड्या शिंका पुरतात, धाकट्याने केला असेल तर जास्त लागतात. आम्ही श्वास धरून शिंका ऐकत होतो. काही वेळाने सगळा कळप झाडाखालून सुटला आणि गवतात रांग धरून दिसेनासा झाला. शिकार आम्हाला दिसली नाही. जर्मन बाई कितीतरी वेळ डोळे पुसत होत्या.

आता हत्ती. माझं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं. 2002 साली कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे उतरले तेव्हापासून आमच्या घरी हत्ती हा शब्द नुकसानीच्या हिशेबात येतो. माड मुळासकट आडवे, केळीची बाग एका रात्रीत साफ, भाताच्या उडवीत पाय. मशाली, फटाके, डबे बडवणं, पंचनामा. माझ्या भावाने कित्येक रात्री माळ्यावर जागून काढल्या आहेत. त्यामुळे सहलीतले बाकीचे लोक हत्तीच्या पिल्लाला बघून हरखायचे, तेव्हा मी आधी त्याची आई किती लांब आहे ते मोजायचे.

सावुतीला जाताना वाळूची एक लांब टेकाडरांग ओलांडावी लागते. टायरमधली हवा कमी करून, इंजिन ओरडत. ही टेकाडं म्हणजे इथे कधीकाळी असलेल्या प्रचंड तलावाचा काठ. सावुतीचं पात्र मोठं लहरी आहे. 1982च्या सुमारास ते आटलं, पुढची पंचवीसेक वर्षं कोरडं राहिलं, मग पुन्हा वाहिलं आणि पुन्हा कोरडं पडलं. पात्रात वाढलेली बाभळीच्या जातीची झाडं पाणी परतल्यावर बुडून मेली, त्यांचे सांगाडे अजून उभे आहेत. तहानेलेले हत्ती पूर्वी इथे नळ उखडायचे, पाइप उपटायचे. म्हणून सार्वजनिक छावणीतल्या न्हाणीघरांना किल्ल्यासारखी जाड भिंत घातलेली आहे. ती बघून मला बाकीच्यांपेक्षा जास्त समजलं.

त्याच रात्री तो आला. आधी फांदी मोडल्याचा आवाज, मग शेंगा चावल्याचा. आमच्या तंबूवर उंटकाट्याच्या, म्हणजे कॅमल थॉर्न या बाभळीच्या जातीच्या, झाडाची सावली होती, त्या झाडाच्या करड्या शेंगा हत्तींना फार आवडतात. चांदणं होतं. तंबूच्या जाळीतून त्याचे पाय दिसले, आणि एवढ्या वजनाचा पाय वाळूवर पडताना काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. पोटातून निघाल्यासारखी खोल गुरगुर मात्र येत होती. बहिणीने माझं मनगट घट्ट धरलं. सोंड तंबूच्या दोरीपर्यंत आली, दोरीवरून फिरली, आणि त्याने पाय उचलून दोरीपलीकडे टाकला. एकही दोरी हलली नाही. तो शेंगा वेचत होता, बाकी कशातही त्याला रस नव्हता. हाकलायचं नाही, ओरडायचं नाही, नुकसान मोजायचं नाही, असा हत्ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

चोबे नदीच्या काठी हत्ती कळपाकळपाने आले. 2022च्या गणनेत बोत्स्वानात सुमारे 1,32,000 हत्ती भरले, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि माणसं चोवीस लाखांच्या आसपास. होडीतून सेडुडू बेटाकडे जाताना ते सोंडा वर धरून पोहत होते. हे गवताळ बेट बोत्स्वानाचं की नामिबियाचं हा वाद हेगच्या न्यायालयात गेला आणि 1999 साली बोत्स्वानाच्या बाजूने सुटला. हत्ती दोन्ही काठांवर चरतात.

शेवटच्या संध्याकाळी मी गाईडला दोडामार्गचं सांगितलं. त्याने विचारलं, किती हत्ती आहेत? मी म्हटलं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला वाटलं होतं, लाखाहून जास्त हत्तींच्या देशातला माणूस हसेल. तो म्हणाला, “एका शेताला एकच पुरतो, म्मा.” त्याची आई चोबेच्या पश्चिमेच्या गावात मका आणि ज्वारी लावते. कणीस भरायच्या दिवसांत कळप आला की वर्षाचं धान्य जातं. सरकार भरपाई देतं, पण भरपाई मुसळात घालून कुटता येत नाही, असं तो म्हणाला. 2014 साली शिकारीवर बंदी आली आणि 2019 साली उठली, त्यावर परदेशात खूप रागावून लिहिलं गेलं. त्याचं म्हणणं, रागावणाऱ्यांनी आधी एक रात्र आईच्या शेतात काढावी. मला शिकार नको वाटते, अजूनही. पण त्याच्याशी वाद घालायचा अधिकार शहरात राहणाऱ्या माझ्यापेक्षा माझ्या भावाला जास्त आहे, आणि भाऊ बहुधा त्याच्याच बाजूने बोलला असता.

आई काय करते, असं मी विचारलं. त्याने सविस्तर सांगितलं. वाळलेली तिखट मिरची कुटायची, हत्तीच्या नाहीतर गाईच्या शेणात कालवायची, विटा थापून उन्हात कडक करायच्या. संध्याकाळी शेताच्या कडेला, वारा येतो त्या बाजूला, पेटवून धुमसत ठेवायच्या. सोंडेला तो धूर सोसत नाही. शिवाय तारेला जुनी चिंधी बांधून तिला वापरलेलं तेल आणि मिरची फासायची. दरवेळी चालतं असं नाही, पण कधी कधी कळप बाजूने निघून जातो.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि कासानेला नेट मिळाल्यावर भावाला पाठवलं. तासाभरात त्याचा फोन आला. केळीच्या बागेचा उतार कुठे, घर कुठे हे त्याने मनात मांडलेलं होतं. त्याचा एकच प्रश्न होता: आमच्याकडे रात्री वारा डोंगरावरून घराकडे येतो, मग विटा कुठे पेटवायच्या? मी फोन गाईडच्या हातात दिला. दोघांचंही इंग्रजी आपापलं होतं. पंधरा मिनिटं ते बोलत होते, आणि गाईड वाळूत बोटाने बागेचा नकाशा काढत होता.