एकाला मध द्या, दुसऱ्याचा बंद करा

कॅज्युअल्टीचा फोन मीच उचलला. पलीकडे वडील, बोलताना धाप लागलेली. दोन वर्षांच्या मुलाने वजनकाट्यातला सेल गिळला होता. चपटा, नाण्याएवढा. श्वास नीट घेतोय का, थुंकी गिळता येतेय का, किती वेळ झाला, एवढंच विचारलं. अर्धा तास झाला होता.

"घरात मध आहे?"

क्षणभर शांतता. मग, "आहे."

"दोन छोटे चमचे चाटवा आणि लगेच निघा. वाटेत दर दहा मिनिटांनी तेवढाच, जास्तीत जास्त सहा वेळा. बाकी खायला-प्यायला काही नाही, उलटी करवायची नाही." मध नसता तर तो आणायला एक मिनिटही थांबू नका, असं सांगितलं असतं.

सेल फुटून आतलं रसायन सांडतं, अशी बहुतेकांची समजूत असते. खरा घात वेगळाच. 20 मिलिमीटरचा, 3 व्होल्टचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या अस्तरातून वीज वाहू लागते आणि त्याच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होतं. दोन तासांत खोल भाजतं. काट्यात 'संपलेला' सेलही आत भाजण्याइतका जिवंत असतो. मध आम्लधर्मी आणि चिकट, म्हणून अल्कलीचा जोर थोडा कमी करतो आणि मध्ये थर धरतो. 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी डुकराच्या पिल्लांवर हे तपासलं. फळांच्या रसांपेक्षा मध आणि सुक्राल्फेट (पोटातल्या व्रणावर देतात ते औषध) ही दोनच द्रव्यं चांगली ठरली. गिळून बारा तासांच्या आत असेल आणि मूल एक वर्षाच्या वर असेल, तरच हा उपाय. तोही सेल निघेपर्यंत वेळ मिळावा म्हणून.

एक्स-रेवर कडेला दुहेरी वर्तुळ दिसलं. नाण्याला ते नसतं. हा फरक ओळखता न आल्यामुळे "नाणं आहे, पडेल आपोआप" म्हणून घरी धाडलेली मुलं मी पाहिली आहेत. त्याचा राग अजून जात नाही.

भूलतज्ज्ञ मात्र माझ्यावर चिडले. पोटात मध, भूल कशी द्यायची? त्यांची काळजी रास्त होती. मूल उपाशी नसेल तर भूल देताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. पण पोट रिकामं होण्याची वाट पाहायला इथे सवड नसते. तेही ते जाणत होते. बोलत बोलतच त्यांनी तयारी केली, आणि भूल फार सफाईने दिली.

दुर्बिणीतून सेल निघाला. ऋण बाजू टेकली होती तिथे काळी चकती, कडेला सुजलेलं लाल अस्तर. आरपार भोक नव्हतं. सौम्य ॲसिटिक आम्लाने ती जागा धुतली. यात मधाचा वाटा किती आणि लवकर पोहोचण्याचा किती, हे मला ठरवता येत नाही. शिवाय सेल निघाला म्हणजे सुटलो असं नसतं. भाजलेली जागा पुढे कित्येक दिवस फाटू शकते, म्हणून त्याला ठेवून घेतलं.

बाहेर आजी हात जोडून उभ्या होत्या. "मध गुणाचाच हो. धाकट्यालाही रोज बोटावर चाटवते." धाकटा कडेवर होता, आठ महिन्यांचा.

"आजी, त्याचा मध आजपासून बंद."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. दुपारी मीच मध द्यायला लावला होता ना! मी सांगितलं, मधात बॉट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक, सुप्त रूपं, असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि अंग लुळं पडतं. "मी कोमट पाण्यात देते," त्या म्हणाल्या. बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. बाळाला तपासलं. मान सावरत होता, जोरात रडत होता, दूध नीट ओढत होता. पुढे शी होईनाशी झाली, रडणं बारीक झालं, पापण्या जड वाटल्या, तर तडक घेऊन या, असं वडिलांना सांगितलं.

आजींनी मान डोलावली. पटलं की नाही, मला कळलं नाही. एक वर्षावरच्यांना रात्रीच्या खोकल्यावर मध खरंच आराम देतो, हा त्यांचा अनुभव खोटा नाही, आणि तोच आड येत होता. हल्ली फोनवर मध द्यायला सांगितला की मी लगेच विचारते, "घरात वर्षाच्या आतलं बाळ आहे का?"