एवढा दम येतो कुठून?

पालखी देवळात गेली, वाद्यं खाली ठेवली, की जत्रेच्या गावात कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ येतं आणि विचारतं, "मास्तर, सांजेपासनं फुकताय. एवढा दम येतो कुठनं?" लग्नात नवऱ्याकडची पोरंही हेच विचारतात. आजवर मी "देवाची कृपा" एवढंच म्हणत आलो, कारण त्या वेळी बोलायचं त्राण नसतं. आता तुम्ही विचारलंत म्हणून सवडीनं सांगतो.

आमचा बँड अकरा जणांचा. आटपाडीच्या बाजूचं गाव, एक पिकअप. दोन क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट, एक युफोनियम (जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य), साईड ड्रम, ढोल, ताशा, झांज, खुळखुळा आणि कीबोर्ड. आमचा उन्हाळा पाडव्याला सुरू होतो. चैत्र शुद्ध अष्टमीला शिखर शिंगणापुरात महादेव-पार्वतीचं लग्न लागतं, द्वादशीला मुंगी घाटातून कावडी वर चढतात, पौर्णिमेला जोतिबाची यात्रा. तिथून पुढं माण, खटाव, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतल्या गावोगावच्या जत्रा. एका गावचा छबिना, म्हणजे पालखीची रात्रीची मिरवणूक, उरकला की झोप पिकअपमध्येच, पुढच्या गावच्या वाटेवर. अक्षय तृतीयेपासून लग्नांची गर्दी. मृगाचा पाऊस पडला की सगळे घरी, कारण आमच्यातल्या सहा जणांची पेरणी असते. या तीन महिन्यांवर बाकीचं वर्ष रेटायचं. २०१८ साली ज्येष्ठच अधिक आला. १६ मे ते १३ जून लग्नाचा मुहूर्त नाही. सुपारीविना मे महिना कसा जातो ते त्या वर्षी पाहिलं.

आता दमाचं. लोकांना वाटतं दम छातीत असतो. आधी हरतो तो ओठ. क्लॅरिनेट वाजवताना खालचा ओठ दातांवर दुमडावा लागतो आणि त्यावर रीड, म्हणजे वेतासारखी पातळ पट्टी, टेकते. तासाभरात स्वतःचेच दात ओठात रुतायला लागतात. म्हणून मी खालच्या दातांवर कागदाची बारीक घडी बसवतो. घरी सरावाला अडीच नंबरची रीड, जत्रेत दोन नंबरची. मऊ रीडला जोर कमी लागतो, आवाज जरा पातळ येतो, पण रात्र निभते. ट्रम्पेटवाल्याचं दुखणं वेगळं. पितळेची कड ओठावर दाबून राहते, तिथलं रक्त फिरायचं थांबतं, ओठ बधिर होतो आणि स्वर निसटायला लागतो. अशा वेळी कितीही जोर लावा, उपयोग नसतो. मिनिटभर वाद्य ओठावरून काढलं की मात्र रक्त परत फिरतं. हे एक मिनिट लक्षात ठेवा, माझं सगळं उत्तर त्यातच आहे.

उन्हाचीही गोष्ट आहे. ऊन तापलं की फुंकून वाजवायच्या वाद्यांचा स्वर चढतो आणि कीबोर्डचा स्वर तर जागचा हलत नाही. मग क्लॅरिनेटचा वरचा सांधा किंचित बाहेर ओढून स्वर उतरवायचा, रात्री गार झालं की पुन्हा आत ढकलायचा. जोतिबाला गुलाल. तो कळांखालच्या गाद्यांत बसतो, वाफेनं ओला होतो आणि कळा चिकटतात. पण "चांगभलं"चा गजर उठतो, सासनकाठी, म्हणजे देवाची उंच मानाची काठी, नाचायला लागते, तेव्हा गुलालाची तक्रार कुणाला सुचत नाही. त्या डोंगरावर वाजवायला मिळतं म्हणून मी हे वाद्य धरलं, असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या आधी चुलते मास्तर होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. वेशीपासून देवळापर्यंत ते तोंडातून क्लॅरिनेट काढत नसत. "मास्तरचं वाद्य खाली आलं की बँड खाली आला," हे त्यांचं म्हणणं. एका जत्रेत रात्री दोनच्या सुमाराला त्यांचा ओठ फाटला. पांढऱ्या युनिफॉर्मवर रक्त सांडलं, तरी ते वाजवत राहिले. गावानं फेटा बांधला. पुढचे आठ दिवस त्यांना गरम चहा पिता आला नाही. तेव्हा आम्हाला त्याचा फार अभिमान वाटला होता. आज आठवलं की राग येतो, आम्हा सगळ्यांचाच. दहा माणसं बरोबर असताना एक माणूस रक्त येईपर्यंत फुंकत होता आणि आम्ही पाहत होतो.

मग २०२० चा पाडवा आला, २५ मार्च. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. युनिफॉर्म इस्त्री करून खुंटीला लावले होते, ते तसेच राहिले. दोन उन्हाळे जोतिबाची यात्रा भरली नाही. युफोनियमवाला तासगावला बेदाण्याच्या शेडवर गेला, एक ट्रम्पेटवाला दुधाच्या गाडीवर. मी घरात फुंकायचो, पण एकट्यानं किती फुंकणार?

२०२२ च्या चैत्रात यात्रा पुन्हा भरली. आम्ही गेलो आणि वीस मिनिटांत सगळ्यांचे ओठ गेले. दोन वर्षांत ओठाची कमाई संपली होती. काठी पुढं नाचतेय आणि मागं नुसता ढोल-ताशा. मला रडू यायचंच बाकी होतं. त्या रात्री डोंगराच्या पायथ्याला पिकअपशेजारी बसलो असताना तात्याच म्हणाले, "तेल्याची कावड मुंगी घाटात येकटा कोण वडतो का? हाताला हात लावून वर नेत्यात. मग फुकताना का नगं?"

त्यांनी हे म्हणावं, याचं मला अजून नवल वाटतं. तिथंच वाटणी ठरली. मुखडा क्लॅरिनेटचा, अंतरा ट्रम्पेटचा. पहिलं कडवं मी, दुसरं पुतण्या. दोन कडव्यांच्या मध्ये ढोल-ताशाला मोकळं रान, तेवढ्यात सगळ्यांच्या ओठात रक्त येतं. आणि युफोनियमनं खालचा सूर धरून ठेवायचा, म्हणजे बाकीचे थांबले तरी गाणं तुटलं असं ऐकणाऱ्याला वाटत नाही. तोही थांबतो, तेव्हा सूर कीबोर्डवर. माझे आजोबा सनईच्या जोडीत सूर धरायचे. नाकानं श्वास घेत, गालातली हवा सोडत, जोडीदार राग आळवतोय तोवर एकच स्वर. त्यांना कधी कुणी दम कुठून येतो म्हणून विचारलं नसेल. खरा दम त्यांचा होता.

वाटणीचा दुसरा भाग पैशांचा. पूर्वी ज्यानं वाजवलं नाही त्याचा वाटा कापला जायचा, म्हणून सुजलेल्या ओठानंही पोरं फुंकत. दोन वर्षांमागं धाकट्या ट्रम्पेटवाल्याचा ओठ चिरला. चार दिवस तो पाण्याच्या बाटल्या भरत, वाद्यं पुसत आमच्याबरोबर फिरला. त्याला पूर्ण वाटा दिला. कुरकुर झाली, नाही असं नाही. पण पाचव्या दिवशी तो असा वाजला की कुरकुर करणाऱ्यानंच त्याला आधी पाणी दिलं.

आणि जेवण. कितीतरी गावांत वाजंत्र्यांचं पान शेवटी वाढतात, सगळं गाव उठल्यावर, रात्री एकला. भरल्या पोटानं फुंकता येत नाही आणि उपाशीपोटीही नाही. आता विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतानाच मी सांगतो: जेवण वाजवण्याआधी दोन तास, आणि सगळ्यांच्या पंगतीत. एका गावच्या कमिटीनं हे ऐकून विसार परत मागितला. आम्ही दिला. त्या रात्रीची सुपारी गेली, पण ही अट मी मागं घेणार नाही.

तात्या आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. फुंकणं सोडलंय, पण एकही जत्रा चुकवत नाहीत. खुळखुळा घेऊन माझ्या उजव्या हाताला चालतात. लोक नाचत असतात, मला भान राहत नाही, कडवं संपलं तरी मी पुढचं उचलायला जातो. तेव्हा ते कोपरानं ढोसतात. "सोड आता." मी क्लॅरिनेट खाली घेतो, जिभेनं ओठ चाचपतो, आणि माझ्या मागून पुतण्याचा पहिला स्वर येतो.