आधी तट, मग महाल : साब्बियोनेतातला एक दिवस

उत्तर इटलीतल्या साब्बियोनेता या गावाला रेल्वे जात नाही, त्यामुळे मिलान-व्हेनिस-फ्लोरेन्स करणारी आपली मंडळी इकडे सहसा फिरकत नाहीत. मी आणि बहात्तर वर्षांची आई, आम्ही दोघी मिलानहून रेल्वेने दोनेक तासांत मांतोवाला आलो, तिथे तीन रात्री राहिलो आणि त्यातला एक अख्खा दिवस या गावाला दिला. मांतोवाहून बस साधारण तासाभरात पोचवते. रविवारी मात्र बसच्या भरवशावर राहू नका. मुक्कामाच्या ठिकाणी आम्हाला "आहे, आहे" असं सांगितलं, आई थांब्यावर सव्वा तास उभी राहिली आणि बस आलीच नाही. सोमवारी महाल बंद. म्हणून मंगळवारी निघालो.

पो नदीचं हे खोरं तळहातासारखं सपाट आहे. मक्याची शेतं, पॉप्लरच्या रांगा आणि मग अचानक विटांचा बुटका, जाडजूड तट. बसमधून उतरलेले लोक सरळ चौकाकडे गेले. तुम्ही तसं करू नका. अर्धा तास काढा आणि तटाच्या कडेने चाला. हे गाव वसवणारा ड्यूक व्हेस्पासियानो गोंझागा पेशाने सैनिक आणि किल्ले बांधणारा माणूस होता. त्याची खरी ओळख महालात होत नाही, ती तटाशी होते.

आईचं माहेर वसईचं. एका कोपऱ्याशी ती थांबली, काठी टेकली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या किल्ल्याचा बुरूज." बाणाच्या टोकासारखा पुढे आलेला, दोन्ही बाजूंनी तिरका. गोल बुरुजाच्या पायाशी शत्रू लपला तर शेजारच्या बुरुजावरून त्याच्यावर मारा करता येत नाही. टोकदार बुरूज ती लपायची जागाच ठेवत नाही. तोफा आल्यावर इटलीतल्या स्थपतींनी ही रचना घडवली, ती पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आली. आणखी एक गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती बराच वेळ तटाकडे बघत राहिली. स्पेनचा फिलिप दुसरा १५८० पासून पोर्तुगालचाही राजा झाला, म्हणजे वसईचाही. आणि याच फिलिपची चाकरी या ड्यूकने जन्मभर केली.

व्हेस्पासियानोचा जन्म १५३१ चा, रोम-नेपल्सच्या वाटेवरच्या फोंदी गावातला. तो वर्षाचा असतानाच बाप लढाईत गेला. आत्याने, जूलिया गोंझागाने, त्याला नेपल्समध्ये वाढवलं आणि पोरवयातच तो स्पेनच्या दरबारात राजपुत्र फिलिपच्या सेवेत गेला. १५५६ मध्ये रोमजवळच्या ओस्तियाच्या लढाईत त्याच्या ओठावर गोळी लागली. पुढे नावारा आणि व्हॅलेन्सिया या प्रांतांचा तो राजप्रतिनिधी झाला. स्पेनमधल्या कार्ताहेना, पाम्प्लोना, पेनिस्कोलाच्या तटबंद्यांमध्ये त्याचा हात आहे. ओरानच्या किल्ल्यांची पाहणी करायला तो पार आफ्रिकेत जाऊन आला. आणि ही सगळी वर्षं इकडे, वारशाने आलेल्या या दलदलीच्या तुकड्यावर, त्याचं गाव उभं राहत होतं. सुरुवात १५५० च्या दशकातली. १५७७ मध्ये पवित्र रोमन सम्राट रुडॉल्फने त्याला ड्यूक केलं, १५७८ मध्ये तो कायमचा परतला आणि उरलेली तेरा वर्षं त्याने बांधकामातच घातली.

हे डोक्यात ठेवून दरवाजातून आत या. रस्ते काटकोनात आहेत, पण मुख्य रस्ता वेशीपासून सरळ चौकात जात नाही, मध्येच वळतो. शत्रू आत शिरला तर त्याला पुढचं दिसू नये ही त्यातली योजना. आम्हीही दोनदा चुकीच्या गल्लीत गेलो. गाव लहान आहे, पाच मिनिटांत वाट सापडते.

तिकीट सगळ्या वास्तूंचं एकत्र घ्या. पलात्सो ज्यार्दीनोमध्ये, म्हणजे ड्यूकच्या बागमहालात, पर्यटन कार्यालय आहे, तिथेच मिळतं. बागमहालाच्या छोट्या दालनांत भिंतभर चित्रं आहेत. ती पाहावीत, पण खरं वेड लावते ती त्याला लागून असलेली गॅलरी. ९७ मीटर लांब, सलग, एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. इथे ड्यूकने जमवलेल्या प्राचीन संगमरवरी मूर्ती होत्या. ऑस्ट्रियाच्या अमलात, अठराव्या शतकात, त्या मांतोवाला हलवल्या गेल्या. मोकळ्या गॅलरीचंही सौंदर्य आहे असं म्हणणारे भेटतील. मला ते पटलं नाही. ज्याच्यासाठी बांधली तेच नसेल तर जीव चुटपुटतो. मूर्ती मांतोवाच्या ड्यूकल पॅलेसमध्ये आहेत. जमलं तर आदल्या दिवशी त्या बघून या, म्हणजे इथल्या भिंती मनातल्या मनात भरता येतात.

दुसऱ्या महालात, चौकातल्या पलात्सो ड्यूकालेत, लाकडाचे घोडेस्वार आहेत. ड्यूकने आपले पूर्वज आणि स्वतःला अगदी खऱ्या मापात घोड्यावर बसवलं होतं. पुढे लागलेल्या आगीनंतर चारच पुतळे पूर्ण उरले. हत्तींचा पट्टा रंगवलेलं दालनही इथेच आहे, तिथून आईला हलवायला वेळ लागला. या महालाचे जिने चढाचे आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी गॅलरी आणि हा महाल एका दमात करू नये. मधे चौकात तासभर बसा.

आता नाट्यगृह. त्यासाठी तब्येत शांत ठेवून या. स्थपती विन्चेन्त्सो स्कामोत्सीने १५८८ ते १५९० मध्ये बांधलेलं हे तेआत्रो अल्लान्तिका. त्या काळी नाटकं महालातल्या दिवाणखान्यात नाहीतर अंगणात होत. केवळ नाटकासाठी, स्वतंत्र इमारत म्हणून उभं राहिलेलं आधुनिक युरोपातलं हे पहिलं नाट्यगृह मानतात. बाहेरच्या भिंतीवर लॅटिन ओळ कोरली आहे, तिचा अर्थ असा की रोम केवढं होतं ते तिचे भग्नावशेषच सांगतात. आत अर्धवर्तुळात लाकडी पायऱ्या, मागे खांबांची रांग, खांबांवर देवांचे पुतळे. रंगमंचावरचा रस्त्याचा देखावा नव्याने केलेला आहे. मागच्या भिंतींवर मात्र जुनी चित्रं आहेत: सज्जात बसलेले, वाकून खाली बघणारे प्रेक्षक. आई बाकावर बसली होती. वर बघून हळूच म्हणाली, "नाटक संपलं तरी ही माणसं घरी गेलेली नाहीत." इथे १५९० च्या कार्निव्हलमध्ये पहिला खेळ झाला. १५९१ च्या फेब्रुवारीत ड्यूक वारला. एकच वर्ष मिळालं त्याला.

वाटाड्या तुम्हाला त्याच्या घरातल्या गोष्टी सांगेलच. पहिली बायको दियाना १५५९ मध्ये गेली, तिला त्यानेच मारलं अशी वदंता आहे. एकुलता एक मुलगा लुईजी १५८० मध्ये चौदा वर्षांचा असताना गेला. बापाला रस्त्यात मुजरा केला नाही म्हणून बापाने लाथ मारली आणि त्यात पोर दगावलं, असं सांगतात. या ऐकीव गोष्टींवर मी ड्यूकचा निवाडा करणार नाही. पण तारखा लावून बघा. गॅलरी, नाट्यगृह, त्याची कबर असलेलं चर्च, हे सगळं मुलगा गेल्यानंतरचं आहे. ज्याला मुलगा उरला नाही असा माणूस दहा वर्षं गाव बांधत राहिला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्याने दुसरं काय करायचं?"

जेवणाचं. शाकाहारींसाठी भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली मिळतात, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेले. सारणात बदामी बिस्किटांचा चुरा असतो, त्यामुळे चव गोडसर, थोडी आपल्या घारग्यांची आठवण देणारी. कडक शाकाहारी असाल तर वरचं चीज घालू नका असं सांगा, त्यात वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. दुपारी गाव झोपतं, तेव्हा साडेबाराच्या सुमारास जेवायला बसा. उन्हाळ्यात डास भयंकर, ओडोमॉस बरोबर हवंच. हिवाळ्यात धुकं. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, तो काळ चांगला.

इन्कोरोनाता हे अष्टकोनी चर्च शेवटी ठेवा. ड्यूकची कबर इथे आहे. वर शिल्पकार लेओने लेओनीने ओतलेला ब्राँझचा ड्यूक रोमन चिलखतात बसलाय, हात पुढे करून. हा पुतळा आधी बाहेर चौकात होता, मृत्यूनंतर आत आणला. १९८८ मध्ये कबर उघडली तेव्हा आत स्पेनच्या राजाने १५८५ मध्ये दिलेला सन्मान सापडला: सोन्याचा, कमरेत वाकून लोंबणारा छोटासा मेंढा. तो आता जवळच्या धार्मिक कला संग्रहालयात काचेत आहे. वाकून बघा, लोकर एकेक वळ्यानिशी कोरलेली आहे. एवढं मोठं गाव बांधून त्याने बरोबर नेलं ते एवढंसं.

परतीच्या बसला चाळीस मिनिटं होती. शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच थांब्यावर बघून फोटो काढून ठेवा, गावात विचारायला कुणी भेटेलच असं नाही. मी आईला कॉफी घेऊ म्हटलं. तिला पुन्हा तटाशी जायचं होतं. वेशीबाहेरच्या गवतावर बसून तिने वसईला मामाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्या बुरुजाकडे वळवून धरला.