खर्जातल्या गप्पा

दोन बेसवादक, म्हणजे खर्जाच्या स्वरांची बेस गिटार वाजवणारे, एकत्र आले की पहिल्या पाच मिनिटांत तारांचा विषय निघतो, आणि एकदा तो निघाला की वाजवायचे राहून जाते. गेल्या आठवड्यात आम्ही तिघे असेच सरावाला जमलो होतो. ड्रम वाजवणारा यायचा होता, म्हणून तोवर मी बेस अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडून मांडीवर घेतला, तर एका मित्राने नाडी पाहावी तसे माझ्या तारेवर बोट ठेवून विचारले, "या कधी बदलल्यास रे?" मी म्हणालो, दोन वर्षे झाली असतील. तो काही बोलला नाही; पण आजाऱ्याच्या घरी भेटायला गेलेल्या माणसाचा चेहरा त्याने केला. तिसरा मात्र खूश होऊन म्हणाला, "म्हणजे आता कुठे वाजायला लागल्या असतील."

या दोन वाक्यांत आमच्या जमातीतले दोन्ही पंथ येऊन जातात. बेसच्या तारेत मधोमध पोलादी गाभा असतो आणि त्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असेल तर तिला राउंडवाउंड म्हणतात, चपट्या फितीसारखी असेल तर फ्लॅटवाउंड. गोल तारेच्या वेढ्यांमध्ये बारीक खाचा राहतात. त्यांत बोटांचा घाम, तेलकटपणा आणि मृत त्वचेचे कण जाऊन बसतात, तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही, मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे उपस्वर दबतात आणि नव्या तारेची ती पियानोसारखी झळाळी काही आठवड्यांत उतरते. यावरचा जुना उपाय म्हणजे तारा उकळणे. मीही एकदा तो केला आहे. चारही तारांची वेटोळी करून पातेल्यात सोडली, दहा मिनिटे उकळली, आणि पाण्यावर जो करडा तवंग आला तो पाहून आपण इतके दिवस कशाला बोटे लावत होतो, याचा मला साक्षात्कार झाला. तारा पुसून, पूर्ण कोरड्या करून पुन्हा चढवल्यावर आवाज खरोखरच उजळला आणि आठवड्याभरात पुन्हा मंदावला. त्या पातेल्यात यापुढे काही शिजवायचे नाही असा ठराव मात्र घरात तत्काळ संमत झाला आणि तो अजून टिकून आहे.

जुन्या तारांच्या पंथाकडे त्यांचा आराध्य पुरुष आहे : जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य ध्वनिमुद्रणांमध्ये ऐकू येणारा बेस त्याचा आहे. जाड फ्लॅटवाउंड तारा, फ्रेटबोर्डपासून, म्हणजे तार जिच्यावर दाबतात त्या लांब पट्टीपासून, चांगल्याच वर उचललेल्या, आणि त्या छेडायला उजव्या हाताची केवळ तर्जनी. तुटल्याशिवाय तो तार बदलत नसे, असे सांगतात. वादात हे नाव आले की नव्या तारांवाले क्षणभर गप्प होतात. तो क्षण फार मोठा नसतो.

मी कोणत्या बाजूचा, हे ठरवण्यासाठी एका मित्राने माझी परीक्षा घेतली होती. एकच ओळ त्याने जुन्या आणि नव्या तारांवर, दोन वेगवेगळ्या बेसवर वाजवून ठेवली, मागे ड्रम आणि गिटार मिसळले, आणि मला डोळे मिटून ओळखायला सांगितले. चारांपैकी दोन बरोबर आले, म्हणजे नाणे उडवूनही जितके आले असते तितकेच. मग चिडून मी डोळे न उघडताच तीच वाद्ये हातात मागितली, आणि अ‍ॅम्प बंद असतानाही प्रत्येक वाद्य दोन सेकंदांत ओळखले. त्या दिवसापासून मला वाटू लागले आहे की आम्ही तासन्‌तास आवाजाविषयी बोलतो असे आम्हांला वाटते, पण बोलत असतो ते स्पर्शाविषयी. नेक, म्हणजे वाद्याची लांब मान, किती रुंद आहे, तार बोटाला किती विरोध करते, खांद्यावरचा पट्टा सैल सोडला की नेक जमिनीकडे झुकते का, हे श्रोत्याला कधीच कळणार नसते. पण या गोष्टींवरच आपण कोणता स्वर घ्यायचा आणि कोणता गाळायचा हे ठरत जाते. स्पर्शाला मात्र शब्द फार थोडे आहेत, त्यामुळे आम्ही आवाजाची विशेषणे उसनी घेतो. उबदार, लाकडी, मऊ, गुरगुरणारा. हे वर्णन ऐकणाऱ्या त्रयस्थाला आम्ही मांजराविषयी बोलत आहोत असे वाटल्यास त्याचा दोष नाही.

तारांवरून गाडी फ्रेटवर, म्हणजे फ्रेटबोर्डवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर, गेली. 1951 साली लिओ फेंडरने बाजारात आणलेल्या बेसचे नावच 'प्रिसिजन' होते, कारण कपाटाएवढ्या उभ्या बेसवर अंदाजाने शोधावा लागणारा स्वर आता फ्रेटमुळे नेमका सापडत होता. पुढे बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या 1962 सालच्या, फेंडरच्याच 'जॅझ बेस'वर फ्रेट ठेवलेच नाहीत. त्यांच्या खाचा भरून फ्रेटबोर्डवर इपॉक्सीचा कडक थर चढवला आणि त्यावर मिंड घेत तो बेसला गायला लावू लागला. अचूकतेसाठी बसवलेली गोष्ट ज्याला नकोशी व्हावी, त्याचे कान तितके अचूक असावे लागतात. मी हा प्रयोग एका उसन्या फ्रेटलेस बेसवर चार दिवस केला आणि पाचव्या दिवशी तो कृतज्ञतापूर्वक परत केला.

मग कुणीतरी मृत स्वराचे गाऱ्हाणे मांडले. पुष्कळ बेसवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर वाजतो आणि बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो. नेकच्या लाकडाचे स्वतःचे कंपन त्या स्वराशी जुळते आणि तारेतली ऊर्जा नेकच पिऊन टाकते. नेकच्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकला, थोडे वजन अडकवले की ती जागा सरकते. नाहीशी होत नाही, फक्त शेजारी राहायला जाते. महागड्या बेसवरही हा दोष निघतो, हे ऐकून माझ्या मित्राला फार बरे वाटले.

अ‍ॅम्पचा विषय त्या मानाने लवकर संपला, कारण तो पाठदुखीचा विषय आहे. 1969 साली आलेला अँपेगचा एसव्हीटी 300 वॉटचा होता, आणि त्याची व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मरने भरलेली पेटी एकट्याने उचलण्याची वस्तू नव्हे. आज तितकीच ताकद पिशवीत मावते. एवढे वॉट लागतात कशाला, याचे उत्तर आपल्या कानात आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, आणि इतक्या खालच्या खर्जाला माणसाचा कान बराचसा बहिरा असतो. गंमत पुढेच आहे. फोनच्या इवल्या स्पीकरमधून हे 41 जवळजवळ बाहेर पडतच नाहीत. बाहेर पडतात ते त्याचे वरचे उपस्वर, आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा मूळ स्वर मनानेच भरून काढतो. म्हणजे आमचा स्वर प्रत्यक्षात नसतानाही लोकांना ऐकू येतो, आणि असतो तेव्हा पुष्कळदा येत नाही. हे ऐकून नव्या तारांवाला म्हणाला, "तरीच तुला दोन वर्षे चालल्या."

माझ्या बेसमध्ये आवाज घडवणारे छोटे सर्किट आहे आणि ते नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. त्याला वेगळे बटण नसते. केबल बेसमध्ये खोचली की ते सुरू, काढली की बंद. त्यामुळे वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवावी, नाहीतर वाद्य शांत पडलेले असतानाही बॅटरी संपत राहते, हे मी त्या संध्याकाळी पट्टा नवीन घेतलेल्या तिसऱ्या मित्राला पुरते दहा मिनिटे समजावून सांगितले. ड्रम वाजवणारा आला तेव्हा अडीच तास होऊन गेले होते. त्याने ठेका धरला, मी पहिला स्वर छेडला, आणि अ‍ॅम्पमधून फाटका, खरखरीत असा काहीतरी आवाज येऊन विरून गेला. केबल मी आल्याआल्या खोचली होती.