दोन दोरे लांब निघाले

आकाशनिरीक्षणाचा पहिला वर्ग मी दिवसाउजेडी, खोलीतच घेते. मुलांना एकदम दुर्बिणीपाशी नेलं की ती रांगेत उभी राहतात, डोळा लावतात, ‘दिसलं’ म्हणतात आणि पुढे सरकतात. त्यापेक्षा कात्री, कागद आणि दोरा बरा.

सप्तर्षींची प्रतिकृती करायला सोपी. पुठ्ठ्याला आकाशातल्या आकृतीप्रमाणे सात भोकं पाडायची, प्रत्येकातून दोरा खाली सोडायचा आणि टोकाला कागदाची चकती लावायची. दोऱ्याची लांबी म्हणजे ताऱ्याचं आपल्यापासूनचं अंतर: एका प्रकाशवर्षाला (प्रकाश वर्षभरात कापतो तेवढ्या अंतराला) अर्धा सेंटिमीटर. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ हे साधारण ८० ते ८३ प्रकाशवर्षांवर, म्हणून त्यांचे दोरे ४०-४१ सेंटिमीटर. मरीची १०४ वर, त्याचा ५२. क्रतू १२३ च्या आसपास, त्याचा ६१ च्याही पुढे. पुठ्ठा दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवा ठेवला की वरून ओळखीची आकृती दिसते. वाकून बाजूने पाहिलं तर तिचा मागमूस नाही. (दोरे खरं तर समांतर नकोत, पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून फाकत जायला हवेत. पण पहिल्याच दिवशी एवढा काटेकोरपणा केला तर मुलं गुंता सोडवण्यातच दमतात.)

त्या दिवशीच्या गटात जन्मापासून दृष्टी नसलेली एक मुलगी होती. गाठी मारण्यात तिचा हात सगळ्यांत सफाईदार. बाकीची मुलं वरून डोकावून ‘पतंग, पतंग’ करत होती, तेव्हा ती खाली बसून चकत्या चाचपत होती.

“ताई, हे पाच एका घरचे वाटतात. हे दोघं कोण?”

मुलं गप्प झाली, मग सगळीच खाली वाकली. आकृती दिसल्यावर दोऱ्यांकडे कोणी बघितलंच नव्हतं.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ मध्ये हेच पाच तारे वेगळे काढले होते, तेही अंतरांचे असे भरवशाचे आकडे हाती नसताना. हे पाच अवकाशात एकाच दिशेने जाताहेत, क्रतू आणि मरीची मात्र त्यांच्यासोबत नाहीत, हे त्यांनी ताऱ्यांच्या सरकण्यावरून ताडलं. नुसतं सारखं अंतर म्हणजे नातं नव्हे, हे मी मुलांना बजावलं. मग जाड कागदाचे बाण कापून पुठ्ठ्यावर चिकटवले. पाच एकीकडे तोंड करून, दोन जवळजवळ उलट. तिने बाणांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मग पतंग फाटणार की!”

फाटणार, पण सावकाश. लाखभर वर्षांनी आकृती बरीच बदललेली असेल.

एवढ्यात कोणीतरी ध्रुवाचा दोरा मागितला. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा पुढे वाढवली की ध्रुव सापडतो, हे त्यांना माहीत होतं. पण तो चारशेहून अधिक प्रकाशवर्षांवर, म्हणजे दोन मीटरांहून लांब दोरा. खुर्च्या पुरेनात, म्हणून सगळी वरात जिन्यात नेली आणि कठड्यावरून दोरा सोडला.

“एवढं लांबचं मोजतात कशाने?” तिने विचारलं.

अंगठा समोर धरून एकेक डोळा मिटला की तो जागचा सरकल्यासारखा दिसतो, जितका जवळ तितका जास्त; त्या सरकण्यावरूनच अंतर काढतात. पण हा माझा नेहमीचा प्रयोग तिच्या काय कामाचा? पुढच्या वर्गासाठी लांब पट्टी, दोन दोरे आणि हाताने मापता येईल असा कोनमापक शोधायला घेतलाय.