‘हेड’ला मराठीत काय म्हणायचे?

एका विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रबंधांच्या मराठी सारांशांचे संकलन छापायला जाण्यापूर्वी त्याची भाषा एकसारखी करण्याचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. अभियांत्रिकीपासून आयुर्वेदापर्यंतचे एकशे वीस सारांश होते. ते संशोधकांनी स्वतःच लिहिले होते आणि जिथे शब्द अडला तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवून ते पुढे गेले होते. अशा अडलेल्या शब्दांत ‘हेड’ सर्वांत पुढे होता. जलविद्युत प्रकल्पावरच्या पहिल्याच सारांशासाठी परिभाषा कोशात ‘शीर्ष’ हा प्रतिशब्द सापडला आणि मी संगणकाला ‘सर्व बदला’ अशी आज्ञा देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी शिक्षणशास्त्राच्या सारांशात मला ‘शीर्षमास्तर’ भेटले. त्रिफळ्यावरच्या सारांशात तर हिरडा आणि आवळा यांच्यामध्ये ‘बेशीर्षा’ नावाचे फळ अवतरले होते. ‘बेहेडा’च्या पोटात ‘हेड’ दडलेला आहे, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. मूळ फाइल जपून ठेवली होती म्हणून निभावले. त्यानंतर प्रत्येक ‘हेड’ हाताने तपासायचा, असे ठरवले.

पाण्याच्या शास्त्रात हेड म्हणजे उंची. वाहत्या पाण्यातली ऊर्जा तिथे मीटरमध्ये मोजतात, म्हणून दाबशीर्ष, वेगशीर्ष, स्थितिशीर्ष असे शब्द येतात. वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १०.३ मीटर शीर्षाएवढा असतो. शंभर मीटर शीर्षावरून दर सेकंदाला एक घनमीटर पाणी सोडले, तर हिशेबाने ९८१ किलोवॅट शक्ती मिळते. इथे ‘शीर्ष’ शोभतो. मात्र ‘हेड लॉस’ला संशोधकाने ‘शीर्षनाश’ लिहिले होते. नळाला घासत जाताना पाण्याची थोडी ऊर्जा खर्ची पडते, एवढ्याशा गोष्टीला शिरच्छेदाची कळा कशाला, म्हणून मी तिथे ‘शीर्षघट’ केले.

शेतीच्या सारांशांनी खरी परीक्षा पाहिली. कोबीचे हेड म्हणजे गड्डा, हे स्वयंपाकघरातही कळते. पण ‘भाताच्या हेडिंगला लागणारे दिवस’ म्हणजे काय, ते कळेना. शेवटी मावळात भात लावणाऱ्या मावशीला फोन केला. “अगं, पोटरीतून लोंबी बाहेर आली की भात निसवला म्हणतात,” ती म्हणाली, आणि सारांशात ‘निसवण्यास लागणारे दिवस’ असे शब्द बसले. त्याच सारांशात पुढे ‘हेड राइस’ होता. भात भरडल्यावर जे दाणे पूर्ण किंवा निदान पाऊण लांबीचे राहतात, त्यांना हे नाव आहे. त्याला मी ‘अख्खा तांदूळ’ लिहिले, कारण उरलेल्या तुकड्यांना ‘कणी’ हा शब्द आपल्याकडे आहेच.

काही ठिकाणी मराठीने काम आधीच उरकून ठेवले होते. ‘पर हेड’ उत्पन्न दरडोई झाले, नाणेफेकीतले ‘हेड’ छापा झाले, दंडातला बायसेप्स द्विशिरस्क स्नायू झाला आणि खर्चाचे ‘हेड’ लेखाशीर्ष झाले. शासनाच्या हिशेबात २२०२ हा आकडा पाहिला की लेखा शाखेतल्या माणसाला ‘सामान्य शिक्षण’ असे आपसूक ऐकू येते.

मी सर्वांत जास्त रमले ते भाषाशास्त्राच्या सारांशात. ‘मामाचे जुने कौलारू घर’ या पदबंधाचे हेड ‘घर’. बाकीचे शब्द त्याचे वर्णन करतात आणि लिंग-वचन त्याच्याकडून घेतात. मराठीत ते शेवटी येते, त्यामुळे ‘मराठीत शीर्ष अंती असते’ असे वाक्य तयार झाले, आणि ते वाचताना मला शीर्षासनाची आठवण झाली. मग शाळेतले समास आठवले. तत्पुरुष उत्तरपदप्रधान, अव्ययीभाव पूर्वपदप्रधान, द्वंद्वात दोन्ही पदे प्रधान आणि बहुव्रीहीत एकही नाही, म्हणून ‘नीलकंठ’ म्हणजे ना निळा ना कंठ, तर शंकर. ‘प्रधान’ हा शब्द पद कुठे बसले आहे ते सांगत नाही, सत्ता कोणाची ते सांगतो, आणि इथे नेमके तेच हवे होते. ‘प्रधानपद’ लिहिले तर मंत्रिपद वाटेल, अशी शंका संशोधक बाईंनी काढली, म्हणून ‘प्रधान घटक’ यावर तडजोड झाली. माझे मत अजून ‘प्रधानपदा’कडेच आहे.

शेवटी राहिला संगणकशास्त्राचा सारांश. भाषा हाताळणाऱ्या संगणकीय प्रारूपांच्या ट्रान्सफॉर्मर या रचनेत वाक्यातला प्रत्येक शब्द इतर शब्दांकडे किती लक्ष देतो, याचे गणित एकाच वेळी अनेक ‘हेड’ स्वतंत्रपणे करतात. २०१७ मध्ये मांडलेल्या मूळ प्रारूपात असे आठ होते. हे हेड ना टोक, ना उंची, ना प्रमुख. ‘अवधानशीर्ष’, ‘लक्षकेंद्र’, ‘नजर’ असे तीन शब्द मी त्या विद्यार्थ्याला पाठवले. त्याचे उत्तर आले, “मॅडम, यातल्या कशानेही माझ्या मार्गदर्शकांना अर्थ लागणार नाही.” त्याचे म्हणणे खरे होते. मी शब्द तसाच ठेवून खाली अर्थाची एक ओळ जोडली, आणि छापील प्रतीत ‘हेड’ तेवढ्या सारांशात आणि हेडमास्तरांपाशी उरला. बेहेड्याचा अर्थातच वेगळा.